साध्या पाण्याच्या बशीलाही गुण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनांची धामधूम आहे. खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे जिथे जमिनीखालचे पाणी खारे असते अशा भागातल्या, एका प्रदर्शनाला परीक्षक म्हणून यंदा मी गेले होते. आम्ही तिघे परीक्षक होतो. निकाल दोन विरुद्ध एक असा लागला आणि ती एक मी होते, म्हणून हे पत्र.

पहिला क्रमांक मिळाला तो भाताच्या दोन बरण्यांना. एका बरणीवर ‘धन्यवाद’ अशी चिठ्ठी, दुसरीवर ‘मूर्ख’. एकीशी रोज गोड बोलायचे, दुसरीला शिव्या द्यायच्या. शिव्यांच्या भाताला काळी बुरशी आली, गोड बोललेला भात बराच पांढरा राहिला. मोबाइलवर फिरणारा हा प्रयोग बहुतेकांनी पाहिला असेल. मांडणारी मुलगी हुशार, बोलणे खणखणीत. मी तिला एवढेच विचारले, की बरण्या घरात कुठे ठेवल्या होत्या? ती म्हणाली, “चांगली देवघरात, वाईट मोरीजवळ. वाईट शब्द देवासमोर कसे बोलणार?” उत्तर प्रामाणिक होते आणि सगळा प्रयोग त्यातच निकालात निघाला. मोरीजवळ ओल जास्त, हवा कोंदट. बुरशीला आणखी काय हवे? शब्दांबरोबर जागाही बदलली होती. मग भात नासला तो शिव्यांनी की ओलीने, हे कोण सांगणार? जिच्याशी कोणी काहीच बोलत नाही अशी तिसरी बरणीही नव्हती. मुलीचा यात काही दोष नाही. तिच्या शाळेत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. माझे सहपरीक्षक म्हणाले, “मॅडम, संदेश तर चांगला आहे ना!” संदेशाला गुण द्यायचे तर निबंध स्पर्धा आहेच.

दोन टेबले सोडून आठवीची दोन पोरे बसली होती. त्यांच्याकडे थर्माकोल नाही, दिवे नाहीत. चहाच्या बश्यांत टिपकागदावर मुगाचे दाणे. एका बशीला कॅनचे पाणी, एकीला घरच्या बोअरचे, आणि उरलेल्या दोन बश्यांना कॅनच्याच पाण्यात कमीजास्त मीठ विरघळवलेले. मूग एकाच पुडीतले, प्रत्येक बशीत 20 दाणे, पाणी औषधाच्या टोपणाने मोजून, सगळ्या बश्या एकाच फळीवर. रोज संध्याकाळी मोड आलेले दाणे मोजून वहीत लिहिलेले, खाडाखोडीसकट. मी मुद्दाम खोदून विचारले, “खारे पाणीच बघायचे होते, तर बोअरच्या पाण्याची एक बशी पुरली असती की!” त्यावर एक जण म्हणाला, “मॅडम, बोअरच्या पाण्यात निस्तं मीठ थोडीच असते? अजून काय काय असते. म्हून मिठाच्या बश्या येगळ्या ठेवल्या.”

बदलायची गोष्ट एक, मोजायची गोष्ट एक आणि बाकी सारे जैसे थे. पुस्तकातला स्वतंत्र चल, अवलंबी चल आणि नियंत्रित गट (तुलनेसाठी ठेवलेली कॅनच्या साध्या पाण्याची बशी) त्या फळीवर मांडलेला होता. आणि पोरांना शेरा काय मिळाला, तर “यात नवीन काय? मोड तर घरोघरी येतात.” ज्या भागात बोअरच्या खाऱ्या पाण्याने पिके करपतात, तिथल्या पोरांना हे ऐकावे लागले! त्यांना उत्तेजनार्थसुद्धा मिळाले नाही.

खरे तर आपल्याकडे अशा तुलनेची परंपरा आहे. 1897 साली मुंबईत प्लेगची साथ असताना जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगवरची आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना दिली. लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी एकाच तुरुंगात, एकाच अन्नावर, एकाच साथीत होते, म्हणून लस न घेतलेल्यांत प्लेग जास्त झाला या निरीक्षणाला वजन आले. कैदी आपणहून पुढे आले होते, चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. तेव्हा आजच्या कसोटीवर त्यात उणे काढता येईल. पण लस न घेतलेले कैदी मोजलेच नसते, तर हाती काय उरले असते?

वर्गातही आपण हेच निसटू देतो. पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून आयोडिनची परीक्षा सगळ्या शाळांत होते. पान निळेकाळे झाले की टाळ्या आणि तास संपला. त्याच पानाचा उघडा राहिलेला भाग हीच तुलनेची बाजू आहे, आणि रोप आधी अंधारात ठेवले नाही तर झाकलेल्या भागातही जुना स्टार्च सापडतो, हे किती वर्गांत बोलले जाते?

आयोजकांना माझी विनंती आहे की गुणपत्रिकेत मांडणी आणि सादरीकरण यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा : ‘तुलनेसाठी काय ठेवले होते व काय काय सारखे ठेवले?’ आणि भाताच्या बरण्या जिल्ह्याला जाण्याआधी त्या मुलीला नव्याने प्रयोग करू द्यावा. बरण्या तीन, एकाच कपाटात. बोलायच्या वेळी एकेक बाहेर काढायची. शेवटी कोणता भात जास्त नासला हे चिठ्ठ्या झाकून तिसऱ्याच माणसाने ठरवायचे. निकाल काहीही लागो, तो तिने तक्त्यावर लिहावा. तांदूळ मी देते.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, जि. अमरावती