राखणदाराचे कागद

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कोकणातल्या आंबा बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळी माणसे बिनव्हिसा येऊ शकतात ती 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे. त्याच्या सातव्या कलमात राहणे, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांची परस्पर मुभा आहे. पण ती सगळ्यांच्या पदरात सारखी पडत नाही.

काठमांडूहून विमानाने येणाऱ्याला ओळखपत्र दाखवावेच लागते. बनबसा किंवा रुपईडिहाच्या नाक्यावरून चालत येणाऱ्या मजुराला ते सहसा कोणी मागत नाही, म्हणून तो नागरिकतेचा दाखला घरीच ठेवून येतो. (बाई एकटी असली की मात्र तस्करीच्या संशयाने चौकशी होते.) आखातात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला त्यांच्या सरकारची श्रम स्वीकृती (परदेशी कामाचा परवाना) घ्यावी लागते, तिच्याबरोबर विमा आणि कल्याण निधीचा आधार मिळतो. भारतात यायला स्वीकृती नको, त्यामुळे तो आधारही नाही. आंब्याच्या झाडावरून पडून पाय मोडला की हा फरक कळतो.

आधार कार्डाचे गणितही असेच. नेपाळी नागरिकाला ते मिळते, पण अर्जाआधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेले हवेत. पुण्यातल्या सोसायटीत वर्षभर राहणाऱ्या रखवालदाराला हे सोपे. 10 नोव्हेंबरला बागेत आलेल्याचे 182 दिवस भरतात 11 मेच्या सुमारास, म्हणजे तो गावी निघायच्या बेतात असताना! मागचा पूर्ण हंगाम काढलेल्याचे ते दिवस मात्र धरले जातात. म्हणून दुसऱ्या वर्षी आल्या आल्या अर्ज करावा. त्यासाठी नेपाळी पासपोर्ट लागतो. तो नसल्यास नागरिकतेचा दाखला आणि 182 दिवसांहून अधिक वास्तव्यासाठी नेपाळी दूतावासाने दिलेले फोटो ओळखपत्र, दोन्ही. बहुतेक अर्ज अडतात ते या दुसऱ्या कागदावर. कार्डाची मुदत दहा वर्षे असते.

आधार कार्डाअभावी बँकेत खाते नसले की हंगामाचा हिशेब रोखीत होतो आणि सगळी कमाई कमरेला बांधून प्रवास. भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधेतून खातेदाराला एका वेळी 2 लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात. खाते नसलेल्याला रोख भरून 50 हजार, तेही वर्षातून बाराच वेळा. बागायतदारांनी निदान एवढे करावे: माणूस ठरवताना फोनवरच नागरिकतेचा मूळ दाखला आणायला सांगावा, आणि पगाराची दर महिन्याची नोंद सही घेऊन ठेवावी. तंटा झाला तर त्याच्या हाती तेवढाच पुरावा असतो.

आपले,
स्थलांतरित मजुरांसोबत काम करणारे कार्यकर्ते, रत्नागिरी