शिबिरांतील यकृत तपासणी उपाशीपोटीच व्हावी

महोदय,

मधुमेह, लठ्ठपणा किंवा दारूमुळे यकृताला हळूहळू वण पडत जातात आणि ते ताठर होते. पूर्वी हे ताडण्यासाठी सुईने यकृताचा तुकडा काढावा लागे, आता बरगड्यांच्या फटीवर यंत्राची दांडी टेकवून काही मिनिटांत ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजता येतो. दांडीच्या हलक्या धक्क्याने उठलेली लहर ताठर यकृतातून अधिक वेगाने धावते आणि त्या वेगावरून आकडा काढला जातो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील शिबिरांतही ही सोय येऊ लागली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ती ज्या रीतीने राबवली जाते, त्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते.

अशाच एका शिबिरात माझ्या एका नातलगांच्या अहवालावर ९.१ किलोपास्कल हा आकडा आणि शेजारी ‘एफ-२’ (म्हणजे मध्यम प्रमाणात वण) असा शेरा आला. घरात सिरोसिसची, म्हणजे वणांनी यकृत कायमचे कडक होण्याची, चर्चा सुरू झाली आणि मिरजेला जाऊन तुकडा तपासून घ्यावा इथपर्यंत मजल गेली. ते गावाहून भाकरी खाऊन निघाले होते आणि रांगेत ताटकळणाऱ्यांना आयोजकांनी आपुलकीने उप्पीट व चहाही दिला होता, हे मात्र कोणी विचारलेच नाही. जेवणानंतर यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि वण नसतानाही आकडा फुगतो, म्हणूनच या तपासणीआधी किमान तीन तास उपाशी राहावे असा संकेत आहे. पुढे पोटविकारतज्ज्ञांनी सकाळी उपाशीपोटी मोजले तेव्हा आकडा ६.८ भरला.

आकडा फुगण्याचे कारण केवळ अन्न नव्हे. ताजी कावीळ, यकृताची तीव्र सूज, पित्तमार्गातील अडथळा आणि हृदय कमकुवत झाल्याने यकृतात साचलेले रक्त यांमुळेही तो वाढतो. पोटात पाणी झालेल्या रुग्णात तर नेहमीच्या फायब्रोस्कॅनचे (याच दांडीच्या यंत्राचे) मापन बहुधा जमतच नाही. शिवाय दहा वैध मापने घेऊन त्यांचा मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) धरायचा असतो आणि ताठरपणा जास्त निघाला तर त्या मापनांचा आंतरचतुर्थक विस्तार (मधल्या निम्म्या मापनांतील फरक) मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा लागतो. आमच्या हाती पडलेल्या कागदावर यांतले काहीच नव्हते, होता फक्त एक आकडा आणि एक रंगीत पट्टी. दीर्घकालीन यकृतविकारात १० किलोपास्कलच्या खालचा आकडा, इतर लक्षणे नसल्यास, प्रगत विकार नसल्याचे सुचवतो आणि १५ च्या वरचा आकडा तो असण्याची दाट शक्यता दर्शवतो. मधल्या पट्ट्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढील तपासणी करावी लागते. एका आकड्यावर कोणाला सिरोसिसचा शिक्का मारणे जितके चुकीचे, तितकेच आकडा कमी आला म्हणून दारू चालू ठेवणेही.

खरे तर सर्वांनाच यंत्राखाली घेण्याची गरज नसते. वय, एएसटी व एएलटी ही रक्तातील यकृताची विकरे आणि प्लेटलेट या रक्तपेशींची संख्या यांवरून ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक काढता येतो, आणि त्याला लागणाऱ्या रक्तचाचण्या साध्याच आहेत. पन्नाशीच्या माणसाचा एएसटी ३६, एएलटी ४९ आणि प्लेटलेट अडीच लाख असतील तर हा निर्देशांक सुमारे १.०३ येतो, १.३ च्या आतील आकडा कमी जोखमीचा मानतात. पासष्टीपुढे ही मर्यादा २ धरतात, तर पस्तिशीच्या आत हा हिशेब फारसा भरवशाचा नाही. मधुमेहाच्या रुग्णांत ही चाळणी आधी लावली तर यंत्र खऱ्या गरजूंच्या वाट्याला येईल.

शिबिराच्या आयोजकांना विनंती अशी की, उपाशीपोटी येण्याची सूचना आदल्या दिवशी आशा कार्यकर्तींमार्फत कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत गावोगावी पोहोचवावी, उप्पिटाची पाळी तपासणीनंतर ठेवावी, आणि शेवटचे खाणे किती वाजता झाले तसेच वैध मापने किती मिळाली हे अहवालावर छापावे.

आपला,
एक वाचक, खानापूर