दिलेलं परत मागणारा

प्रिय सखी,

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘काहीही म्हण, लॉरावर खरं प्रेम केलं ते वाल्डोनंच.’ मी तेव्हा गप्प बसले, पण ते वाक्य मनातून जाईना. म्हणून काल रात्री १९४४ चा तो ‘लॉरा’ सिनेमा पुन्हा पाहिला.

पडदा अजून काळाच असतो आणि वाल्डोचा, त्या नामवंत सदरलेखकाचा, आवाज सुरू होतो. लॉरा गेली त्या शनिवार-रविवारची आठवण तो सांगतो. आणि पुढे काय, तर सगळ्या न्यूयॉर्कमध्ये आपण एकटेच माणूस उरलो आहोत असं त्याला वाटलं! मेली ती, पण दुःखाच्या मधोमध हा. वाल्डो झालेला क्लिफ्टन वेब ते इतक्या मऊ आवाजात म्हणतो की आपण फसतोच. तूही तिथंच फसलीस असं मला वाटतं.

त्यानं तिच्यासाठी खूप केलं, हे मला मान्य आहे. जाहिरात कंपनीतली ही मुलगी एका पेनच्या जाहिरातीसाठी त्याचं नाव मागायला येते, तो हॉटेलात जेवता जेवता तिला झिडकारतो आणि नंतर स्वतःच माफी मागतो. मग तिचे कपडे, तिचे केस, तिच्या ओळखीपाळखी, सगळं त्याच्या पसंतीचं. मंगळवारी आणि शुक्रवारी दोघं घरीच जेवायची आणि तो तिला आपलेच लेख वाचून दाखवायचा. ती किती छान ऐकायची, याचं त्याला कोण कौतुक! ती काय बोलायची, ते त्याच्या आठवणीत जवळजवळ नाहीच.

एका मंगळवारी ती ‘आज नको’ म्हणते. हा बर्फात तिच्या खिडकीखाली उभा. खिडकीच्या पडद्यावर जेकबीची सावली दिसते, तिचं चित्र काढणाऱ्या त्या चित्रकाराची. घरी जाऊन वाल्डो आपल्या सदरात त्याच्या चित्रांची अशी चिरफाड करतो की लॉराच्या नजरेतून तो माणूसच उतरतो.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. लॉरा मेली असं सगळे समजत असताना हा तिच्या घरी येऊन घड्याळ, फुलदाणी आणि शेकोटीपुढचा पडदा मागतो. म्हणे, ‘मी ते फक्त वापरायला दिलं होतं.’ त्या उंच घड्याळाची जोडी त्याच्या घरी आहे आणि ज्या बंदुकीनं त्यानं लॉरा समजून दुसरीलाच मारलं, ती त्यानं तिच्याकडच्या घड्याळातच लपवलेली. शेवटी तिला मारायला येतो तेव्हाही सांगतो, तू म्हणजे माझ्यातलाच सगळ्यात चांगला भाग. तिचं स्वतःचं असं काही आहे, हे शेवटपर्यंत त्याच्या ध्यानीमनी नाही गं.

तुला आठवतं ना, ‘मी तुला घडवलं’ म्हणणाऱ्या त्या माणसानं माझ्याकडून सगळी पुस्तकं परत मागवली होती? पहिल्या पानावर त्याच्याच अक्षरात माझं नाव होतं, तरी मागवली. रिक्षात ते खोकं तू मांडीवर घेऊन बसली होतीस, सुतळी तुझ्या बोटांत रुतली होती. त्याच्या दाराशी खोकं ठेवून जिना उतरताना तू रागानं लाल झाली होतीस. ‘दिलेलं कुणी परत मागतं का?’ असं तूच विचारलंस.

मग वाल्डोला का माफ करतेस? सविस्तर लिही, वाट पाहते.

तुझीच,
बालमैत्रीण