त्या जपानी नटीबद्दल तुला लिहायचं होतं

सोन्या,

काल तू फोन तोडलास म्हणून हे लिहीत नाहीये. "आई, सिरियल घेतली की नाटकाच्या ग्रुपमध्ये मला कोणी सिरियसली घेणार नाही" हे तुझं वाक्य रात्रभर डोक्यात फिरत होतं आणि फोनवर आपण दोघी एकदम बोलतो, माझं निम्मं तसंच राहून जातं, म्हणून टाईप करतेय. रिहर्सल झाली की सावकाश वाच.

दिवाळीत तू लॅपटॉपवर शॉपलिफ्टर्स हा जपानी सिनेमा लावला होतास, आठवतं ना? शेवटाकडे पोलिसांसमोर बसलेली ती नोबुयो, म्हणजे साकुरा आंदो ही नटी, तिला विचारतात की मुलं तुला काय हाक मारायची, आणि ती "काय बरं... काय बरं" करत तळव्याने डोळे पुसत राहते, केस मागे सारते, परत पुसते. तू तिथे पॉज केलंस आणि आपण कितीतरी वेळ बोललोच नाही. मी नंतर वाचलं की दिग्दर्शक कोरेएदांनी तिला प्रश्न आधी सांगितलेच नव्हते, समोरच्या नटीला ते ऐनवेळी बोर्डावर लिहून दाखवत होते. म्हणजे ती खरंच पहिल्यांदा ऐकत होती ते. 2018 च्या मे महिन्यात कान फिल्म फेस्टिव्हलला त्या सिनेमाला पाम दोर, तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं, ज्युरीची अध्यक्ष केट ब्लँचेट, ती म्हणाली की यापुढे आमच्यापैकी कुणी असं रडलं तर समजा साकुरा आंदोची कॉपी केली.

आता हे ऐक. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून हीच साकुरा आंदो काय करत होती तर रोज सकाळची टीव्ही सिरियल! एनएचके या जपानी चॅनलची ती पंधरा मिनिटांची मालिका असते ना, घराघरात चहा घेताना, डबे भरताना बघतात तसली. मानपुकू नाव. इन्स्टंट रामेन (त्या झटपट नूडल्स) शोधणाऱ्याच्या बायकोची गोष्ट, सहा महिने चालली. घरी जेमतेम वर्षाची मुलगी, ओसाकाला शूटिंग, आणि लहान मूल असलेली आई त्या मालिकेची हिरॉईन व्हायची ही पहिलीच वेळ असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. कानमध्ये एवढं कौतुक झाल्यावर ती म्हणू शकली असती की मी आता हे कशाला करू. मला तिचं हे फार आवडलं ग, खरंच सांगते.

मग मी तिचं मिळेल ते शोधून बघायला लागले, तुझ्या बाबांना पण बसवलं. 2007 मध्ये वडिलांच्याच सिनेमातून आली, वडील एइजी ओकुदा स्वतः नट आणि दिग्दर्शक. नंतर शिओन सोनोचा लव्ह एक्स्पोजर, जवळजवळ चार तासांचा, त्यात एका पंथातली मुलगी, बघताना अंगावर काटा येतो. 2012 चं तर मला नवलच वाटलं, एका बाजूला यांग योंगही यांचा अवर होमलँड, टोकियोतलं कोरियन कुटुंब, पंचवीस वर्षांपूर्वी उत्तर कोरियाला पाठवलेला भाऊ उपचारापुरता घरी येतो आणि ही त्याची बहीण, सगळं डोळ्यांतून. आणि त्याच वर्षी ताकाशी मिइकेच्या गाण्या-मारामारीच्या सिनेमात शाळेतली दादागिरी करणारी पोरगी! किनेमा जुन्पो या जपानी सिने-नियतकालिकाने त्या वर्षी तिला उत्कृष्ट अभिनेत्री आणि सहअभिनेत्री, दोन्ही बक्षिसं दिली.

तिचा 0.5 एमएम हा सिनेमा मात्र तू माझ्यासोबत बघ, तीन तासांच्या वर आहे पण बघ. थोरल्या बहिणीने, मोमोकोने, आजीची सेवा करताना जे भोगलं त्यावर आधी कादंबरी लिहिली आणि मग कोचीला जाऊन सिनेमा केला. वडील निर्मितीत, सिनेमातल्या जेवणाचं काम आईने पदर खोचून केलेलं, सासरे अकिरा एमोतो पण एका भूमिकेत. साकुरा त्यात म्हाताऱ्यांची काळजी घेणारी केअरटेकर आहे. ती ज्या पद्धतीने त्यांना जेवायला वाढते ते बघून मला आपल्या आजीच्या शेवटच्या दिवसांची आठवण आली, मी उठून बाहेर जाऊन आले.

त्याच वर्षी, 2014 ला, हंड्रेड येन लव्ह. आईवडिलांकडेच राहणारी बत्तीस वर्षांची मुलगी, कुठलंच काम नाही, मग शंभर येनच्या दुकानात लागते आणि बॉक्सिंग शिकते. शूटिंग दोन आठवडे फक्त, त्यातल्या दहा दिवसांत ते थुलथुलीत शरीर तिने बॉक्सरचं करून दाखवलं, शाळेत असताना बॉक्सिंग केलं होतं ते कामी आलं. आणि 2023 चा गॉडझिला मायनस वन, एवढा मोठा राक्षस पडद्यावर आणि माझ्या लक्षात राहिली ती शेजारीण, बॉम्बहल्ल्यात मुलं गेलेली, आधी परत आलेल्या वैमानिकावर ओरडते आणि मग त्याच घरातल्या तान्ह्या पोरीसाठी स्वतःचे तांदूळ आणून देते. शॉपलिफ्टर्समध्ये, सिरियलमध्ये, इथे, माणूस तेवढंच खरं.

आता तुझ्यापुरतं एक, आंधळेपणाने घे म्हणत नाहीये. त्यांच्या सकाळच्या मालिकेचा शेवट ठरलेला असतो, सहा महिन्यांनी ती मोकळी झाली. आपल्याकडे टीआरपी आला की ओढत राहतात आणि तुला डिसेंबरमध्ये प्रयोग आहेत, त्यामुळे सही करायच्या आधी विचार की किती महिने, महिन्याला किती दिवस, प्रयोगाच्या तारखा लेखी देणार का. नाही म्हणाले तर सरळ नको म्हण, मी पाठीशी आहे. पण ग्रुप काय म्हणेल म्हणून नको म्हणू नकोस, एवढं माझं मागणं आहे. तुझ्या त्या पन्नास खुर्च्यांच्या प्रयोगाला मी मागच्या रांगेत बसून रडले होते आणि समोरच्या काकू संध्याकाळी साडेसातला टीव्हीपुढे बसतात, त्याही तशाच रडतात, मी बघितलंय.

गुरुवारी बाबा पुण्यात येतायत, डब्यात सुक्या खोबऱ्याची चटणी आणि थालीपिठाची भाजणी देतेय. कॉन्ट्रॅक्टचा कागद आला असेल तर त्यांच्यासोबत पाठव, मी इथे वकील काकांना दाखवून आणते.

तुझी
आई