पेनल्टी का दिली ते मैदानातच ऐकू येऊ दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, भारतातल्या फुटबॉलमध्ये एकदा व्हीएआर (वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओ बघत मैदानावरच्या रेफ्रीला मदत करणारे रेफ्री) आलं की रेफ्रीच्या चुका संपतील आणि पेनल्टीवरून होणारी भांडणंही मिटतील असं त्यांनी लिहिलंय. त्यांची तळमळ समजते मला. ११ जून २०२४ ची दोहाची भारत-कतार मॅच ज्याने ज्याने बघितली त्या प्रत्येकाच्या पोटात तेव्हापासून खड्डा पडलाय. छांगतेच्या गोलने आपण पुढे होतो, ७३व्या मिनिटाला बॉल सरळ सरळ एंड लाईनच्या बाहेर गेला, आपली पोरं कॉर्नर समजून थांबली, आणि कतारच्या खेळाडूने तोच बॉल पायाने आत ओढला आणि दुसऱ्याने जाळ्यात टाकला, रेफ्रीने गोल दिला! २-१ ने हरलो आणि वर्ल्डकप क्वालिफायरच्या पुढच्या फेरीचं दार बंद. व्हीएआर नव्हतं त्या मॅचला. असतं तर तो गोल टिकला नसता हे मलाही मान्य आहे.

पण साहेब, तो लाईनचा प्रश्न होता. बॉल बाहेर गेला की नाही याला एकच उत्तर असतं आणि ते एक कॅमेरा नीट लावला तरी मिळतं. पेनल्टीचं तसं नाही. हात नैसर्गिक जागी होता का, धक्का पडण्याइतका होता का, हे कॅमेरा दाखवतो फक्त, ठरवतो माणूसच.

मी कोल्हापूरचा, पाच-सहा वर्षं गावोगावच्या स्पर्धांना शिट्टी वाजवलीय. इथे शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली की पेनल्टी हा काय प्रकार असतो ते वेगळं सांगायला नको, दोन दिवस पेठेत दुसरा विषय नसतो. एकदा तालुक्याच्या एका सेमी फायनलला डीच्या (गोलपुढच्या पेनल्टीच्या चौकटीच्या) आत हँडबॉलचं अपील झालं, माझ्यापुढे दोन खेळाडू होते, मला हात दिसला नाही म्हणून मी खेळ चालू ठेवला. मॅच संपल्यावर एक पोरगा मोबाईल घेऊन आला, स्क्रीनला आडवा तडा गेलेला, त्याने व्हिडिओ बरोबर त्या जागी थांबवला आणि म्हणाला, सर हे बघा. थांबलेल्या चित्रात हात चांगला वीतभर अंगापासून लांब आणि बॉल त्याला चिकटलेला, कुणीही पेनल्टीच म्हणेल. मी म्हणालो आता चालू कर. चालू केला तर तो पोरगा पळता पळता वळत होता, हात पळताना हलतो तसाच हलत होता आणि बॉल हाताला लागून निघूनही गेला. परत थांबवला की पेनल्टी, परत चालू केला की नाही. आम्ही दोघांनी पाच-सहा वेळा बघितला आणि शेवटपर्यंत आमचं एकमत झालं नाही. त्या संध्याकाळपासून मी स्लो मोशनवर आंधळा विश्वास ठेवायचं सोडलं.

आता हेच मोठ्या मैदानावर बघा. २०१८ च्या वर्ल्डकपला पहिल्यांदा व्हीएआर आलं आणि त्या एका स्पर्धेत २९ पेनल्टी दिल्या गेल्या, त्याआधीचा विक्रम १८ चा होता. मॉस्कोच्या फायनलला फ्रान्स-क्रोएशिया १-१, क्रोएशियाचा गोल पेरिसिचने मारलेला आणि दहा मिनिटांत त्याच पेरिसिचच्या हाताला कॉर्नरवर बॉल लागला. अर्जेंटिनाचे रेफ्री पिताना स्क्रीनपाशी गेले, बघितलं, तिथून निघाले आणि परत मागे फिरून पुन्हा बघितलं, मग पेनल्टी दिली. ग्रीझमनने मारली, फ्रान्स ४-२ ने जिंकला. मला त्या मागे फिरण्याबद्दल पितानांना नावं ठेवायची नाहीत, उलट मला ते फार प्रामाणिक वाटलं. पण नियम असा आहे की रेफ्रीची ढळढळीत चूक असेल किंवा मोठी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली असेल तरच व्हीएआरने मध्ये पडायचं. कॉर्नरच्या गर्दीत हात दिसला नाही म्हणून बोलावलं, तिथपर्यंत ठीक. पण पडद्यासमोर दोनदा उभं राहावं लागलं म्हणजे कॅमेऱ्याने सगळं दाखवूनही शेवटी प्रश्न मताचाच उरला ना? आणि ते मत कशावर ठरलं ते स्टेडियममधल्या माणसाला, टीव्हीपुढे बसलेल्या आम्हाला, तेव्हा कुणी सांगितलंच नाही.

२०२४ च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत तर सहा दिवसांत दोन टोकं बघितली. २९ जूनला डॉर्टमुंडला डेन्मार्कच्या अँडरसनच्या हाताला बॉल जेमतेम घासून गेला, बॉलमधल्या चिपने स्क्रीनवर क्रिकेटच्या स्निकोसारखी उसळी दाखवली आणि जर्मनीला पेनल्टी. ५ जुलैला स्टुटगार्टला जर्मनीच्या मुसियालाचा गोलकडे निघालेला शॉट स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागला, सगळ्या जगाने बघितला, आणि पेनल्टी नाही, रेफ्रीला स्क्रीनपाशी बोलावलंसुद्धा नाही. स्पेनच्या मेरिनोने ११९व्या मिनिटाला हेडर मारला आणि यजमान जर्मनी घरी. सप्टेंबरमध्ये यूएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) रेफ्री विभागाकडूनच आलं की ती पेनल्टी द्यायला हवी होती. जर्मनीच्या माणसाने त्या मान्य करण्याचं काय करायचं? त्या रात्री व्हीएआरच्या खोलीत हात शरीराजवळ होता म्हणून सोडलं की खाली येत होता म्हणून, हे त्याच मिनिटाला कानावर पडलं असतं तर निदान नियमावर भांडता आलं असतं, त्याऐवजी रेफ्रीच्या हेतूवर भांडण गेलं. माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हे किती सोपं झालंय बघा. थर्ड अंपायर बोलतो ते आपण घरात जेवता जेवता ऐकतो, अल्ट्राएज दाखवा, बॉल ट्रॅकिंग दाखवा, इम्पॅक्ट अंपायर्स कॉल, आणि माझी आईसुद्धा आता सांगते की पिचिंग आऊटसाईड लेग आहे, सोडा. निर्णय पटत नाही कधी कधी, पण कसा झाला ते कळतं. फुटबॉलमध्ये मात्र तेच बोलणं तिजोरीत ठेवल्यासारखं. ३० सप्टेंबर २०२३ ला इंग्लंडच्या लीगमध्ये टॉटनमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियासचा चांगला गोल ऑफसाईड म्हणून गेला, कारण काय तर मैदानावर गोल दिलाय असा व्हीएआरच्या खोलीतल्या रेफ्रीचा समज झाला, त्याने 'चेक कम्प्लीट' म्हटलं आणि खेळ पुढे सुरू. ऑडिओ बाहेर आला तीन दिवसांनी. विचार करा, ते बोलणं लाईव्ह ऐकू येत असतं तर साठ हजार माणसांत कुणीतरी, निदान चौथा रेफ्री तरी, ओरडला नसता का की अहो, मैदानावर गोल दिलेलाच नाही?

थोडी सुरुवात झालीय हे खरं. २०२३ च्या महिला वर्ल्डकपला रेफ्रींनी माईकवर निर्णय जाहीर केले, नंतर इंग्लंडच्या लीग कपच्या सेमी फायनललाही ते केलं. पण तो फक्त निकाल असतो, चर्चा नाही.

आणि भारताचं म्हणाल तर पूर्ण व्हीएआर म्हणजे कॅमेऱ्यांची रांग, वेगळी खोली, ट्रेनिंग झालेले वेगळे रेफ्री, आपल्या आयएसएललाच (इंडियन सुपर लीगला) ते जड जातंय तिथे खालच्या लीगचं काय बोलता. त्यापेक्षा फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातल्या २० वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपला जे वापरून बघितलं, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट, ते मला आपल्यासाठी जास्त बरं वाटतं. प्रत्येक कोचला दोन रिव्ह्यू, बरोबर निघाला तर रिव्ह्यू शिल्लक, वेगळी खोली नाही, मैदानावरचा रेफ्री स्वतःच स्क्रीनवर बघतो आणि ठरवतो. थोडक्या कॅमेऱ्यांत भागतं. फक्त त्यात माझी एक भर, स्क्रीनपाशी उभा असताना रेफ्रीने माईकवर मोठ्याने बोलावं, मला हात इथे दिसतोय, बॉल आधी मांडीला लागलाय, म्हणून पेनल्टी नाही. बस. शिव्या देणारे देतीलच, पण निदान काय चुकलं ते धरून देतील.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या क्रीडा पानावर नेहमी 'वादग्रस्त पेनल्टीमुळे पराभव' एवढं छापून येतं. पुढच्या वेळी त्याखाली दोन ओळी तरी टाका की रेफ्रीने ती कोणत्या नियमाने दिली, हात कुठे होता, फाऊल डीच्या आत होता की रेषेवर (रेषा डीचाच भाग असते, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत नाही आणि त्यावरून मारामाऱ्या झालेल्या मी बघितल्यात). आमच्या भागातली पोरं ते पान कट्ट्यावर मोठ्याने वाचतात.

कळावे,
आपला एक वाचक,
कोल्हापूर