मार्सच्या पोटातलं मीठ

प्रिय मित्रा,

फार दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. तब्येत ठीक. गुडघ्याचं तेच चालू. नव्या घरात सामान लागलं का? लेकीचा निकाल कळव.

लिहितोय ते मार्ससाठी, मार्टिन कंपनीच्या त्या पाण्यावर उतरणाऱ्या अवाढव्य विमानांसाठी. ११ ऑगस्ट २०२४ ला हवाई मार्स स्प्रोट लेकवरून निघून पॅट्रिशिया बेत उतरली, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या विमान संग्रहालयासाठी. फिलिपीन मार्स पुढच्या वर्षी पिमा विमान संग्रहालयासाठी ॲरिझोनाला गेली. बांधलेल्या सातांपैकी उरलेल्या या दोनच, आणि दोन्ही वाचल्या. शॉर्ट कंपनीच्या एम्पायर या उडत्या बोटींतली एकही उरली नाही, हे आठवलं की या बातमीचं मोल कळतं. पण तू फोटो बघून नाचला असशील, मला मात्र एकच दिसतं: पॅट्रिशिया बे समुद्र आहे. वर्षानुवर्षं स्प्रोट लेकच्या गोड्या पाण्यात मुक्काम केलेलं हल, म्हणजे विमानाचं बोटीसारखं पोट, शेवटच्या उतरण्यात खाऱ्या पाण्यात भिजलं.

बाहेरून धुणं सोपं. मीठ बसतं ते पत्र्यावर पत्रा चढतो त्या सांध्यात, स्ट्रिंगरच्या (पत्र्याला आतून धरणाऱ्या लांब पट्ट्यांच्या) मागे, स्टेपपाशी (तळाला पायरी असते तिथे) आणि फळ्यांखालच्या बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साचणाऱ्या तळात. तिथे प्रेशरचा फवारा मारला की मीठ सांध्यात आणखी आत जातं. पाणी हलक्या धारेनं सोडायचं. त्याआधी ड्रेन प्लग काढायचे आणि फ्रेमच्या, म्हणजे आडव्या बरगड्यांच्या, तळाची भोकं गाळानं बुजलेली नाहीत ना ते बघायचं. बाहेर पडणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता ताज्या पाण्याइतकी होईपर्यंत धूत राहायचं, मग कोरडी हवा खेळवायची. नाहीतर सांध्यात ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी धरते. मूळ धातूपेक्षा ती कितीतरी जास्त जागा मागते, म्हणून दोन रिव्हेटांमधला पत्रा उशीसारखा फुगतो आणि शेवटी रिव्हेटांची डोकी उडतात.

आणि चकचकीत करायच्या नादात पोलादी ब्रश तर मुळीच नको. विमानाचा पत्रा अल्क्लॅड, म्हणजे शुद्ध ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला मिश्रधातू; तो मुलाम्याचा थर जाडीच्या जेमतेम काही टक्के असतो. तो खरवडला की संरक्षण गेलं, वर लोखंडाचे कण रुतून नवा गंज सुरू.

तू म्हणशील, तळाचा पत्राच बदलून टाका. आपलं जुनं भांडण! अण्णा तुझ्याच बाजूनं बोलायचे. अरे, ती पुन्हा उडणार नसेल तर मूळ पत्रा जितका राहील तितका राहू दे, जुनी ठिगळंसुद्धा. अगदीच सडलेला तेवढा काढायचा. १/८ इंची रिव्हेटला ३० नंबरचं ड्रिल, बरोबर मध्यावर, फक्त डोक्यापुरतं. मग मागून आधार देऊन पंचनं ठोकायचा. ड्रिल सरकून भोक मोठं झालं तर ५/३२ ची रिव्हेट चालते, पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड दुप्पट व्यासाइतकी लांब हवी. पोलादी बोल्ट बसवताना सांध्यात जॉइंटिंग कंपाऊंड (दोन धातूंमध्ये ओल शिरू न देणारा लेप) हवंच.

जमिनीवर आणखी एक घात होतो. पाणी सगळ्या तळाला उचलून धरतं, जमिनीवर टेकवायचा पाळणा चार जागीच. ते आधार फ्रेमखालीच यायला हवेत, मधल्या पत्र्याखाली नाहीत. खाली गालिचा किंवा नमदा घालू नये, तो ओल धरतो.

इंजिनांबद्दल लिहीत नाही, ते तुझं खातं. फक्त खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढल्याशिवाय कुणाला प्रोपेलर फिरवू देऊ नकोस. तिथे तेल साठलेलं असतं, ते दाबलं जात नाही आणि इंजिन मोडतं.

हवाई मार्स बघायला व्हिक्टोरियाला जाशील तेव्हा टॉर्च आणि लहान आरसा ने. आत जाऊ दिलं तर स्टेपच्या वरचं बिल्ज बघ, फोटो पाठव. जमलं तर शेवटचं धुणं कधी झालं तेही विचार.

तुझाच