ब्रिगांतींना भाकरी कोण देत होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण इटलीतील दरोडेखोरांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. १८६१ ते १८६५ या काळातल्या या ‘ब्रिगांतीं’ना लेखात एकदा माफियाचे पूर्वज म्हटले आहे आणि पुढे गरिबांचे कैवारी. दोन्ही विधाने दुरुस्त करायला हवीत. माफिया पश्चिम सिसिलीत, गावात राहून जमीनदारांच्या मळ्यांची राखण आणि वसुली करणाऱ्यांतून वाढला. ब्रिगांती मुख्य भूमीवरच्या बाझिलिकाता, पुलिया, कांपानिया या दक्षिणी प्रांतांच्या डोंगरांत फिरत. दोन्ही प्रदेश वेगळे, धंदेही वेगळे.

मूळ दुखणे जमिनीचे होते. नेपल्सच्या राज्यात, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण इटलीत, १८०६ मध्ये सरंजामी हक्क कायद्याने संपले. गायराने आणि जंगले वाटून भूमिहीनांना तुकडे मिळायचे होते, ती गावोगावच्या धनिकांनी गिळली. १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गारिबाल्दी आला तेव्हा वाटप होईल अशी आशा पालवली. झाले काहीच नाही, उलट एकत्रित इटलीच्या नव्या राज्याची सक्तीची सैन्यभरती आली. भरती चुकवून पळालेली पोरे आणि नेपल्सच्या जुन्या बुर्बों राजघराण्याच्या मोडलेल्या सैन्याचे बेकार शिपाई रानात शिरले. कार्मिने क्रोक्को हा त्यांचा सर्वांत मोठा म्होरक्या. गुन्हे माफ होतील या आशेने तो आधी गारिबाल्दीच्या बाजूने लढला होता. माफी मिळाली नाही, तेव्हा एप्रिल १८६१ मध्ये त्याने वेनोसा आणि मेल्फी ही शहरेच ताब्यात घेतली.

लेखात चकमकी भरपूर आहेत, पण शेकडो माणसे आणि घोडे रानात खात काय होते, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. सारे गणित तिथेच आहे. भाकरी, दारूगोळा आणि लष्कराची खबर आणून देणाऱ्याला ‘मानुतेंगोलो’ म्हणत. मेंढपाळ, कोळसे पाडणारे, गावाबाहेरच्या तटबंदीच्या शेतवाड्यांवरचे, म्हणजे ‘मासेरियां’वरचे गडी, आणि कधी खुद्द जमीनदारसुद्धा हे काम करी, कुणी भीतीने, कुणी जिव्हाळ्याने, पुष्कळ जण पैशासाठी. १८६५ मध्ये मांझो या म्होरक्याच्या टोळीने मोएन्स या इंग्रजाला धरून सुमारे साडेतीन महिने डोंगरात फिरवले आणि ३०,००० दुकाती (तिथले जुने नाणे) खंडणी घेतली. भाकरी नि सदरे आणणारे शेतकरी टोळीकडून बाजारभावाच्या कित्येक पट कसे उकळत, हे त्याने लिहून ठेवले आहे. खंडणीचा मोठा हिस्सा असा खाली झिरपे. त्याला दानधर्म म्हणता येणार नाही.

लष्कराला हे उशिरा उमगले. कर्नल फुमेलने १८६२ मध्ये कालाब्रियात काढलेला जाहीरनामा मुळातून वाचावा: झोपड्या जाळा, ओस पडलेल्या शेतघरांची छपरे तीन दिवसांत उतरवून दारे-खिडक्या चिणून टाका, गावाच्या वेशीबाहेर भाकरी न्यायला बंदी. दिवसभर लांबच्या शेतात राबणाऱ्या मजुराला न्याहारीसुद्धा बांधून नेता येईना! उपासमार आधी त्याची झाली.

१५ ऑगस्ट १८६३ च्या पिका कायद्याने लष्करी न्यायालये आली. हत्यारासह प्रतिकार करणाऱ्याला गोळी आणि नुसत्या संशयितालाही वर्षापर्यंत हद्दपारी. त्याच वर्षी संसदेच्या चौकशी समितीने दारिद्र्य आणि जमिनीचा प्रश्न हेच मूळ कारण असल्याचे सांगितले होते. राज्यकर्त्यांनी त्यातले दंडुक्याचे तेवढे उचलले. मला हा त्या काळातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

टोळ्या मोडल्या त्या फितुरीने आणि हिवाळ्याने. पानगळ झाली की रानात आडोसा उरत नाही, बर्फात माग उमटतो, म्हणून टोळ्या पांगून घराघरांत लपत. सप्टेंबर १८६३ मध्ये क्रोक्कोचा साथीदार कारुझो शरण गेला आणि त्याने लपण्याच्या जागा, पायवाटा नि पुरवठादार सगळे दाखवून दिले. वर्षभरात क्रोक्को पोपच्या राज्यात पळाला, तिथे पकडला गेला. १८७२ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली आणि १९०५ मध्ये तो एल्बा बेटावर कैदेतच वारला.

शेवटी छायाचित्राबद्दल. ठार केलेल्या ब्रिगांतींना बसवून किंवा टेकवून, हातात बंदूक ठेवून त्यांची छायाचित्रे काढण्याची तेव्हा रीत होती. लेखासोबतच्या चित्रातील माणसाची मान आणि अर्धवट मिटलेले डोळे नीट पाहावेत. त्याखाली ‘ऐटीत बसलेला दरोडेखोर’ असे छापले आहे. ती ओळ कृपया बदलावी.

आपला,
एक वाचक, सांगली